चिंच पाडी का?

रंगपंचमी, रात्री

प्रिय मधू,

तुझ्या दिवाळीच्या पत्राचे उत्तर होळी उलटल्यावर देतो आहे. कारणे सांगत बसत नाही. ती सांगितली की त्यांतली खरी किती आणि सोयीची किती याची तू वर्गवारी करतोस, आणि आपल्यातल्या तिसऱ्या, रघूच्या माघारी त्या वर्गवारीत माझी बाजू घेणारे कोणी उरलेले नाही. माझी साखर ठीक आहे, हिचे गुडघे तसेच आहेत, कापूस भाव नाही म्हणून पुढच्या खोलीत पडून आहे. लिहिण्याजोगे एकच घडले आहे. आपली चिंच गेली.

मार्गशीर्षात रस्त्याचे रुंदीकरण आपल्या शिवारापर्यंत आले. मोजणीला आलेल्या तरुण कर्मचाऱ्याने उतारा उघडला : विहीर एक, निंब दोन. चिंचेचे नाव नाही. मी म्हटले, 'अहो, तुम्ही तिच्याच सावलीत उभे राहून लिहीत आहात.' तो शांतपणे म्हणाला, 'काका, सावलीची नोंद होत नाही.' उत्तर इतके चोख होते की आपल्या सरांनी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले असते. दोष खरे तर माझाच. २०२१ पासून ई-पीक पाहणी आली, शेतकऱ्याने आपल्या मोबाइलवरून आपलेच पीक नोंदवायचे. मी दरवर्षी कापूस नोंदवला, केळी नोंदवली आणि बांधावरची झाडे पुढच्या खेपेला म्हणून सोडून दिली. त्यामुळे सातबाऱ्यावरचा सात सांगत होता की जमीन आमची आहे, आणि बारा सांगत होता की तिच्यात चिंच नाही. गंमत अशी की मोबाइलच्या नकाशात उपग्रहाचे चित्र जुनेच असल्यामुळे त्या जागी हिरवा ठिपका अजून दिसतो. म्हणजे ती होती तेव्हा कागदावर नव्हती, आणि आता नाही तेव्हा नकाशावर आहे. एका झाडाने अस्तित्व आणि वास्तव यांची इतकी फारकत करून दाखवावी, हे आपल्याला अमळनेरच्या तत्त्वज्ञान केंद्रातल्या दोन वर्षांत कोणी शिकवले नव्हते.

जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७८१ मध्ये लिहून ठेवले की 'आहे' हा वस्तूचा गुणधर्मच नव्हे. मनातले शंभर थेलर (त्याच्याकडचे नाणे) आणि प्रत्यक्षातले शंभर थेलर कल्पना म्हणून अगदी सारखे, एक पैही कमीजास्त नाही. फरक फक्त खिशाला कळतो. मोबदल्याच्या यादीत आपली चिंच न येणे हा तसा खिशाला कळलेला फरक. त्याचे मला फारसे वाटले नाही. वाटले ते पुढचे.

आप्पांना हे सांगितलेले नाही.

तुला ठाऊक आहे, चार वर्षांपूर्वी काचबिंदूने त्यांची नजर पूर्ण गेली. ओसरीवरच्या बाजेपासून न्हाणीपर्यंत तेवढा वावर उरला आहे. शेत तिथून कोसभर, त्यामुळे यंत्राचा आवाज घरापर्यंत आला नाही. त्या संध्याकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे विचारले, 'चिंच कशी शे?' आणि माझ्या तोंडून निघून गेले, 'शे.' विचार करून खोटे बोललो असतो तर निदान विचार केल्याचे समाधान असते. त्यानंतर तीन महिने रोज एकदा मी 'शे' म्हणतो आहे. आपल्या अहिराणीत 'आहे' म्हणायला हे एकच अक्षर पुरते, हे त्याच्या सोयीचे कारण असावे.

आता यातला पेच पाहा, आणि हसू नकोस. आद्य शंकराचार्यांच्या कसोटीने, तिन्ही काळी ज्याचा बाध होत नाही, म्हणजे जे पुढच्या ज्ञानाने खोटे ठरत नाही, तेच सत्. दोरावर भासणाऱ्या सापाला प्रातिभासिक सत्ता, चिंचेला व्यावहारिक आणि ब्रह्माला पारमार्थिक, असा तो चढता जिना. मार्गशीर्षापर्यंत आप्पांची चिंच व्यावहारिक होती. तोडली गेली त्या दुपारी ती त्यांना न कळता एक पायरी खाली घसरली काय? मला ते पटत नाही. साप नाहीसा झाला की कळते, तो कधी नव्हताच. चिंच नाहीशी झाली तरी ती नव्हती असे होत नाही. बाध वेगळा आणि नाश वेगळा, आणि हा फरक न्यायदर्शनवाल्या नैयायिकांनी जास्त प्रामाणिकपणे सांभाळला : त्यांनी अभावालाही पदार्थांत जागा दिली आणि त्याचे चार प्रकार केले. वस्तू घडण्याआधीचा प्रागभाव, त्याला आरंभ नाही पण शेवट आहे. वस्तू मोडल्यानंतरचा प्रध्वंसाभाव, त्याला आरंभ आहे पण शेवट नाही. मी रोज सकाळी बांधावर जातो तेव्हा मोकळी जागा दिसत नाही, चिंच नसलेली जागा दिसते. परक्या माणसाला तिथे नुसता मुरूम दिसेल.

यावर तू काय म्हणशील ते मला ठाऊक आहे, कारण १९८१ च्या उन्हाळ्यात तिच्याच बुंध्याशी तू ते तावातावाने म्हणाला होतास : जे काही कार्य करते तेच खरे, बौद्ध तार्किक धर्मकीर्ती म्हणतो तसे, बाकी सगळी नावे. त्यावरून आपण पाच महिने बोललो नाही. शेवटी तू कोरे आंतरदेशीय पाठवलेस, चांगदेवांनी ज्ञानदेवांना पाठवले तसे. ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्या लिहिल्या, मी पासष्ट ओळी शिव्या लिहिल्या. आज कबूल करतो की तुझ्या बाजूने पुरावा माझ्याच घरात निघाला. माघात आप्पांनी फर्मान काढले की यंदा बार चांगला असणार, माझ्या आईच्या माहेरी, तुझ्या नाशिकच्या घरी आणि सुताराकडे चिंच पोहोचली पाहिजे. मग मी अमळनेरच्या बाजारातून चिंच आणली, हिने ती फोडली, चिंचोके वेगळे केले आणि मीठ लावून गोळे केले. आप्पांनी एकेक गोळा हाताने चाचपून वाटणी सांगितली. तुला मिळालेला गोळा तोच. नसलेल्या झाडाने तुझ्या आमटीला आंबटपणा दिला असेल तर धर्मकीर्तीच्या हिशेबात ते झाड खरे की खोटे, हे तूच ठरव. (आपल्या केंद्रात १९३३ साली मलकानी, दास आणि मूर्ती या तिघांनी मिळून अज्ञानावर ग्रंथ लिहिला, आपण तिघांनी त्याच ग्रंथालयात ते नुसते जोपासले.)

पासष्टीत ज्ञानदेव म्हणतात त्याचा आशय असा की सोने सोनेपणाला उणे न येऊ देता लेणे होते. मला ते नेहमी पटत आले. या वर्षी मात्र लक्षात आले की दागिना मोडला, सोने उरले, याचे समाधान सोनाराला आहे. जिच्या गळ्यातला तो होता तिला नाही.

तुझ्या डाव्या डोळ्याचे ऑपरेशन झाले का? सुनबाईची बदली रद्द झाली असेल तर बरेच झाले. नातीला माझा आशीर्वाद, तिचे नाव मला अजून नीट उच्चारता येत नाही.

मूळ गोष्ट आता लिहितो. इतका वेळ तिच्याभोवती फिरत होतो. मागच्या सोमवारी ओसरीवर बसलो असता आप्पांनी विचारले, 'चिंच पाडी का?' फागुनात हा प्रश्न दरवर्षी असतो, फळाबद्दलचा. मी सवयीने म्हटले, 'हां, पाडी.' बोलून गेल्यावर कळले की तीन महिन्यांत त्यांच्याशी चिंचेबद्दल बोललेले हे माझे पहिले खरे वाक्य. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, 'पानी दे.' त्या दिवसापासून त्यांनी चिंचेचे नाव काढलेले नाही.

मी पाच रात्री तो प्रश्न उलटसुलट करतो आहे. त्यांनी फळ विचारले आणि उत्तर मिळाले म्हणून विषय मिटला, की झाड विचारले? गावातले कोणी ओसरीवर बोलून गेले असेल. की गोळा हातात घेतला तेव्हाच त्यांना कळले होते, आणि वाटणी ते माझ्यासाठी सांगत होते? तसे असेल तर तीन महिने ती चिंच कोणाच्या मनात उभी होती, त्यांच्या की माझ्या? आजी म्हणायची त्या चिंचेवर भूत आहे. भूत म्हणजे होऊन गेलेले, एवढाच त्या शब्दाचा मूळ अर्थ, हे तूच एकदा कोश उघडून दाखवले होतेस. तेव्हा मी हसलो होतो.

हिला विचारले तर ती म्हणाली, 'सरळ सांगून टाका.' तिचे बरोबर आहे. पण त्यांना कळलेले असेल तर सांगणे म्हणजे त्यांचे सोंग उघडे पाडणे होईल, आणि नव्वदीच्या माणसाने मोठ्या कष्टाने धरलेले सोंग मोडायचा अधिकार मला आहे असे वाटत नाही. कळलेले नसेल तर मी आणखी काही दिवस थांबू शकतो. कोणत्या बाजूला आहे ते न कळता दोन्हींत अडकलो आहे.

आखाजीला तू येणारच आहेस. आप्पा तुझा आवाज ओळखतील, हात धरून बाजेवर बसवतील, आणि माझ्यापेक्षा तुझ्यावर त्यांचा विश्वास जास्त असल्यामुळे मला न विचारलेले ते तुला विचारतील. तू काय उत्तर देणार ते मला आधी पत्राने कळव. फोनवर नको, फोन ओसरीवरच असतो.

तुझा,
भास्कर