मेळाव्याला निघण्याआधी : लेकीस पत्र

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार आहे आणि तुम्ही चौघंही जाणार, हे कळून फार बरं वाटलं. कार्यक्रमपत्रिका हातात आली की बहुतेक जण जेवणं आणि ग्रुप फोटो कधी ते बघतात, आणि मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, उरलेल्या फटीत कोंबतात. तू उलट कर. मिस्सेची वेळ आधी ठरव आणि बाकीचं तिच्याभोवती लाव. जेवण अर्धा तास पुढे गेलं तरी चालतं, शिक्षकांचा सत्कार तर हमखास उशिरा सुरू होतो. मिस्सा कोणासाठी थांबत नाही.

माझ्या मते तुम्ही शनिवारी संध्याकाळची मिस्सा धरावी. रविवारचं मिस्सेचं कर्तव्य त्या दिवशी किंवा आदल्या संध्याकाळी, कुठेही, कुठल्याही कॅथलिक विधीत मिस्सेला हजर राहून पूर्ण होतं, असं चर्चच्या कायद्याचं कलम, कॅनन १२४८, सांगतं. शनिवार धरलास आणि काही बिनसलं, तर रविवारची सकाळ आणि रविवारची संध्याकाळ असे दोन राखीव मोके उरतात. 'परत आल्यावर आपल्या चर्चमध्ये संध्याकाळच्या मिस्सेला जाऊ' असं ठरवणाऱ्यांचीच मिस्सा चुकते, कारण त्यांच्या मागे काहीच उरलेलं नसतं आणि रविवारी परतीच्या रस्त्यावर गर्दी ठरलेली. शिवाय धाकट्याला ताप आलाच, तर एकाने शनिवारी जायचं, दुसऱ्याने रविवारी सकाळी, आणि बाळाजवळ कायम कोणीतरी राहील.

आदली संध्याकाळ म्हणजे साधारण दुपारी ४ नंतरची वेळ धरतात. मेळाव्यात शनिवारी सकाळी ११ ला कृतज्ञतेची मिस्सा असेल तर जरूर जा, पण ती रविवारच्या जागी धरता येत नाही. ख्रिस्तप्रसाद (मिस्सेत मिळणारी पवित्र भाकर किंवा द्राक्षारस) मात्र दोन्ही वेळा घेता येतो. दुसऱ्यांदा घेताना त्या मिस्सेत सहभागी असलं म्हणजे झालं. एखाद्या बॅचमेटच्या घरचं लग्न शनिवारी संध्याकाळी असेल, तर लग्नाची मिस्सासुद्धा चालते, वाचनं रविवारची नसली तरी. जवळ सिरो-मलबार किंवा बायझंटाइन कॅथलिक चर्च (वेगळ्या विधीचं, पण कॅथलिकच) असेल तर तिथेही निर्धास्त जा. ऑर्थोडॉक्स चर्चमधल्या उपासनेने मात्र हे कर्तव्य पूर्ण होत नाही, आणि सर्वधर्मीय प्रार्थनासभेनेही नाही.

आता एक खास खाचखळगा. कॉलेजच्या चॅपलची जी वेळ तुला विद्यार्थिदशेपासून पाठ आहे, तिच्यावर विसंबू नकोस. मेळावे सहसा सुट्टीत भरतात, कारण तेव्हा वसतिगृहाच्या खोल्या रिकाम्या असतात. आणि नेमक्या त्याच कारणाने, विद्यार्थी नसल्यामुळे, चॅपलच्या मिस्सा बंद किंवा कमी झालेल्या असतात. इंटरनेटवरच्या वेळाही अनेकदा जुन्या असतात. म्हणून कॉलेजजवळच्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) कार्यालयात आठ-दहा दिवस आधी फोन कर आणि तारीख सांगून विचार: त्या शनिवारी संध्याकाळची मिस्सा नक्की किती वाजता, कोणत्या भाषेत, त्या दिवशी सण, दृढीकरण (कन्फर्मेशन) किंवा प्रथम ख्रिस्तप्रसादाचा सोहळा आहे का. सोहळा असला की मिस्सा दीड-दोन तास चालते, पार्किंग मिळत नाही आणि तुमचं रात्रीचं जेवण बुडतं. कन्फेशनची (पापकबुलीची) वेळही त्याच फोनवर विचार. पुष्कळ ठिकाणी फादर शनिवारी मिस्सेच्या आधी बसतात.

वेळेचा हिशेब उलटा मांड. समजा मिस्सा ५.३० ला आहे. थोरलीच्या पथ्याबद्दल सॅक्रिस्टीत (फादरांच्या तयारीच्या खोलीत) बोलायचं आहे, म्हणजे ५.१० ला पोहोचायला हवं. पोरांना गोळा करणं, बाथरूम, गाडीपर्यंत चालणं यातच पंचवीस मिनिटं जातात, म्हणून वाटेचा वेळ धरून ४.३० ला हॉलमधून उठायचं. आणि 'उठायचं' म्हणजे थेट गाडीकडे निघायचं. मेळाव्यात दारापाशी निरोप घेताना जेवढा वेळ जातो तेवढा दुसऱ्या कशातच जात नाही, म्हणून कोणाचा निरोपच घेऊ नकोस. रात्री जेवायला भेटणारच आहात.

चहाफराळ चारच्या सुमाराला असेल. उपवास एक तासाचा असतो, तो मिस्सेच्या सुरुवातीपासून नव्हे तर ख्रिस्तप्रसाद घेण्याच्या क्षणापासून मागे मोजायचा. ५.३० च्या मिस्सेत ख्रिस्तप्रसाद ६.१० च्या आसपास येतो, म्हणजे ५.१० नंतर काही खायचं नाही. पाणी आणि औषध केव्हाही चालतं. धाकट्याला यातलं काही लागू नाही. चर्चचे असे नियम सात वर्षं पूर्ण झाल्यावरच लागू होतात. त्याला निघण्याआधी पोटभर खाऊ घाल, म्हणजे प्रवचनात किरकिर होणार नाही.

थोरलीच्या सिलिअ‍ॅकची तजवीज घरूनच कर. तिला गव्हातलं ग्लूटेन सोसत नाही, पण पूर्ण ग्लूटेनमुक्त होस्ट (ख्रिस्तप्रसादाची पातळ चकती) मिस्सेसाठी वैध नसतो, गहू हवाच. कमी ग्लूटेनचा होस्ट वैध असतो. तो त्या चर्चमध्ये असेलच असं नाही, म्हणून आपल्या फादरांकडून दोन होस्ट छोट्या बंद डबीत घेऊन जा आणि मिस्सेआधी सॅक्रिस्टीत दे. तो वेगळ्या भांड्यात ठेवावा आणि ज्या हातांनी इतर होस्ट वाटले त्यांनी तिला देऊ नये, हे शब्दांत सांग; लोक चांगल्या मनाने त्याच तबकात ठेवून देतात. तेवढंही तिला सोसत नसेल तर फक्त द्राक्षारसाच्या रूपातला ख्रिस्तप्रसाद माग, पण वेगळ्या चषकातून. मुख्य चषकात फादर होस्टचा तुकडा टाकतात, म्हणून तो चालत नाही. घाईत हे बोलणं होत नाही; वीस मिनिटं आधी पोहोचायचं ते यासाठीच.

शुक्रवारच्या स्वागताच्या जेवणाचंही बघ. चौदा वर्षं पूर्ण झालेल्यांना शुक्रवारी मांस वर्ज्य आहे, मासे-अंडी-दूध नाही. काही देशांच्या बिशप मंडळांनी त्याऐवजी दुसरं प्रायश्चित्त करायची मुभा दिली आहे, पण ईस्टरआधीच्या उपवासकाळातला शुक्रवार असेल तर सहसा सूट नसते. नोंदणीच्या फॉर्मवर आहाराचा रकाना असतो, तिथेच दोन्ही गोष्टी लिही, शुक्रवारची आणि ग्लूटेनची.

त्याच फॉर्मवर बिल्ल्यासाठी माहेरचं नाव मोठ्या अक्षरात मागून घे, खाली सध्याचं. बॅचला तू त्याच नावाने माहीत आहेस. नाही तर लोक बिल्ला वाचून पुढे निघून जातात. जावयांच्या बिल्ल्यावर 'अमकीचे पती' एवढ्यावर भागवू नकोस, त्यांचं स्वतःचं पूर्ण नाव असू दे. ते तिथे कोणाला ओळखत नाहीत, तेव्हा निघण्याआधी त्यांना तीन-चार जणांची माहिती दे: कोण काय करतं, कोणाला मुलं आहेत. आणि पोरं कोणत्या तासाला कोणाकडे ते आधीच वाटून घ्या. दोघंही लक्ष देताहेत असं दोघांनाही वाटतं तेव्हाच मूल हरवतं. धाकट्याच्या मनगटावर फोन नंबरची पट्टी बांध.

खोली वसतिगृहात घेत असशील तर बाथरूम सामाईक आहे का, लिफ्ट आहे का आणि खालच्या पलंगाला कठडा आहे का, एवढं विचार. प्रवासात धाकट्याला गाडी लागते. पुस्तक किंवा मोबाईल हातात देऊ नकोस. डोळे स्थिर गोष्ट बघतात, कानातला तोल सांगतो की आपण हलतोय, या विसंगतीनेच उलटी होते. लांबचा रस्ता बघायला लाव.

मिस्सेला निघताना कोणी विचारलं तर सरळ सांग, आम्ही मिस्सेला जातोय, अडीच तासांत परत येतो. कॅथलिक नसलेली एखादी मैत्रीण कुतूहलाने सोबत येईल. तिला वाटेतच प्रेमाने सांगून ठेव की ख्रिस्तप्रसादाच्या वेळी तिने जागेवर बसून राहायचं. रांगेत उभं राहिल्यावर ते कळणं फार अवघड जातं.

बॅचमधले जे गेले, आणि तुमचे शिक्षक, त्यांच्यासाठी मिस्सा मागायची असेल तर आयोजकांकडून नावं आत्ताच घे. आयत्या वेळी रविवारची मिस्सा मिळणं कठीण असतं, कारण दर रविवारी एक मिस्सा प्रमुख धर्मगुरूंना धर्मग्रामातल्या लोकांसाठी अर्पण करावीच लागते (कॅनन ५३४), आणि बाकीच्या मिस्सा इतरांनी आधीच मागून ठेवलेल्या असतात. आठवड्यातल्या दिवसाची सहज मिळते. ती मेळाव्याच्या आठवड्यात ठेव आणि तारीख-वेळ बॅचच्या ग्रुपवर टाक. मृतांच्या घरच्यांना वेगळी कळव, ते त्या ग्रुपवर नसतात.

कुठलाच मोका उरला नाही, म्हणजे दोघंही आजारी पडलात किंवा गाडी रस्त्यात बंद पडली, तर मन खात बसू नकोस. गंभीर कारण असलं की कर्तव्यातून मोकळीक असते, तान्ह्या बाळाची देखभाल हेही कारण धरलं जातं. टीव्हीवरची मिस्सा बघितलीत तर प्रार्थना म्हणून चांगलीच, पण त्याने कर्तव्य पूर्ण होतं असं नाही. वाचनं घेऊन चौघांनी मिळून प्रार्थना करा. मिस्सा मिळणं अवघड आहे असं आधीच दिसत असेल तर आपल्या फादरांना निघण्यापूर्वी विचार. योग्य कारण असेल तर ते सूट देऊ शकतात आणि ती परगावीही लागू होते.

रविवारी निरोपाच्या नाश्त्यानंतर रेंगाळू नका. गाडीत पेट्रोल शनिवारीच भरून ठेवा, बॅगा रात्रीच भरा, मुलांचे परतीचे कपडे वर ठेवा.

तुझी,
आई