ओटीपी कुणाच्या फोनवर येतो?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

माझ्या सासूबाई 81 वर्षांच्या आहेत. त्यांच्या आभा कार्डावर (आरोग्याच्या नोंदी डिजिटल जोडणारं सरकारी ओळखपत्र) 14 अंकी क्रमांक आहे आणि त्याला जोडलेला मोबाइल नंबर माझ्या मोठ्या दिरांचा. आधार काढलं तेव्हा घरात तोच एक कायमचा नंबर होता. दीर चाकणला कारखान्यात आहेत, शिफ्टला जाताना फोन गेटवर जमा करावा लागतो.

गेल्या महिन्यात आम्ही दोघी कसब्यातून रिक्षा करून एका रुग्णालयात गेलो. भिंतीवरचा क्यूआर कोड स्कॅन करा, रांग टळेल, असं सांगण्यात आलं. माझ्या फोनवर अ‍ॅप घेतलं, तर ओटीपी गेला चाकणला. तासभर बाकावर बसून होतो. तेवढ्यात सासूबाईंनी हळूच विचारलं, "म्हणजे माझे कागद आता थोरल्याला दिसणार?"

त्यांचं अंग बाहेर येतं. सहा वर्षं हे त्यांनी फक्त मला सांगितलंय. त्या दिवशी डॉक्टरांसमोर त्या गुडघेदुखीवर बोलल्या आणि उठल्या.

हे कार्ड ज्यातून मिळतं, ते आयुष्मान भारत डिजिटल मिशन 27 सप्टेंबर 2021 रोजी देशभर सुरू झालं. कार्ड ऐच्छिक आहे, रुग्णाच्या संमतीशिवाय नोंदी कुणाला दाखवायच्या नाहीत, हे नियम चांगलेच आहेत. पण ती संमती ज्या फोनवर मागितली जाते, तो आमच्याकडे मुलाच्या खिशात असतो. बाहेर फॉर्म भरून घेणाऱ्या मुलीने 'आभा कार्ड आहे का?' विचारलं. सासूबाई 'हो' म्हणाल्या. तिच्या कागदावर त्या डिजिटल सेवेच्या लाभार्थी झाल्या असणार.

घरात कुणी कुणापुढे काय बोलायचं, हा नात्यागोत्यांचा प्रश्न आहे. मानवशास्त्रज्ञ इरावतीबाई कर्वे यांनी याच पुण्यात, डेक्कन कॉलेजात राहून नातेसंबंधांचा आयुष्यभर अभ्यास केला. आपल्या विद्यापीठात मानवशास्त्राचा विभाग आहे. तिथल्या संशोधकांना माझी कळकळीची विनंती आहे: महिनाभर ओपीडीच्या बाकावर येऊन बसा. नंतर आमच्या स्वयंपाकघरातही या. फोन कुणाचा, चार्जिंगला कुठे असतो, मेसेज कोण वाचून दाखवतं आणि वाचताना काय गाळतं, ते पाहा. अ‍ॅप बनवणाऱ्यांपर्यंत हे पोचायला हवं, आणि ते टक्केवारीच्या तक्त्यातून पोचणार नाही.

मागच्या मंगळवारी आम्ही पुन्हा गेलो. मी खिडकीवर कागदी केसपेपरच मागून घेतला. सासूबाई डॉक्टरबाईंशी वीस मिनिटं बोलल्या.

(हे पत्र सासूबाईंना वाचून दाखवूनच पाठवते आहे. कृपया नाव छापू नये.)

– एक निवृत्त शिक्षिका, कसबा पेठ, पुणे