अर्ध्या टाकीला शून्यावर येणारा काटा : सदोष टँक युनिटबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : जुन्या गाडीसाठी घेतलेले पेट्रोलचे टँक युनिट सदोष असल्याबाबत व त्याची तक्रार तीनदा फेटाळल्याबाबत.

महोदय,

आपल्याकडून फेब्रुवारीत मागवलेले टँक युनिट, म्हणजे टाकीतल्या पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट आणि त्याच्या दांडीने कमीजास्त होणारा रेझिस्टन्स (विजेचा अडथळा), ज्यावरून डॅशबोर्डवरचा काटा पेट्रोल दाखवतो, माझ्या १९६७ च्या गाडीत नीट चालत नाही. हे मी पहिल्यांदा कळवले त्याला अडीच महिने झाले. या काळात आपली तीन उत्तरे आली आणि तिन्हींत दोष माझ्या गाडीच्या माथी मारला गेला. आधी अर्थिंग, मग मीटरला ठरावीक व्होल्टेज देणारा स्टॅबिलायझर, मग खुद्द मीटर. मी तिन्ही तपासले, तिन्ही ठीक आहेत. दोष आपल्या युनिटमध्ये आहे आणि तो नेमका कुठे आहे हे मी आता डोळ्यांनी पाहिले आहे, म्हणून हे सविस्तर पत्र.

गाडी माझ्या वडिलांची. ते गेल्यापासून मी चालवते. झाकून ठेवलेली शोभेची गाडी नाही, आठवड्यातून दोन-तीनदा रस्त्यावर असते. तिच्या मूळ युनिटचा पितळी फ्लोट डाग दिलेल्या (सोल्डर केलेल्या) जागी झिरपू लागला, आत पेट्रोल शिरले, तो जड होऊन बुडाला आणि काटा कायम खालीच राहू लागला. काढून कानाजवळ हलवला तर आत खळखळ ऐकू यायची. तेवढ्याचसाठी नवे युनिट घेतले. आपल्या खोक्यावर माझ्या गाडीचे मॉडेल छापलेले होते, 'तपासलेले' असा शिक्का होता आणि आत रेझिस्टन्सच्या आकड्यांची एक चिठ्ठी होती : रिकामी २३८ ओहम, भरलेली ३१ ओहम. जुन्या युनिटचे आकडे याच्या आसपासचेच, त्यामुळे मी निर्धास्त होते.

बसवताना कसलीही घाई केली नाही. बॅटरी सोडली, टाकी रिकामी केली, युनिट टाकीला धरून ठेवणारी लॉक रिंग फिरवायला लोखंडी छिन्नी न वापरता पितळी वापरली, कारण तिथे एक ठिणगी पुरते. रबरी गॅसकेट नवे घातले. टाकी भरली तेव्हा काटा बरोबर 'भरलेली'वर गेला.

पहिले काही दिवस सगळे सुरळीत होते. टाकी अर्ध्यावर आली तशी काट्याची लक्षणे बदलली. सिग्नलला थांबले की अर्ध्यावर, वळण घेतले की हळूहळू खाली, सरळ रस्त्याला लागले की पुन्हा वर. आणखी थोडे पेट्रोल संपले आणि काटा सरळ शून्यावर जाऊन बसला. घाबरून मी पंप गाठला, तर टाकीत अर्ध्याला जरा कमी एवढे पेट्रोल होते. पुढच्या वेळी मी पेट्रोल न भरता जपून चालवत राहिले. काटा शून्यावर होता तो आपोआप उठला आणि पाव टाकी दाखवू लागला. पेट्रोल कमी होते आहे आणि काटा वर चढतो आहे, असे मी तोवर कधी पाहिले नव्हते.

अशा काट्याचा खरा धोका असा की माणूस त्याच्यावर विश्वास ठेवणे सोडून देतो. एप्रिलमध्ये आईला घेऊन परतत होते. अंधार पडला होता, काटा शून्यावर होता आणि मला वाटले, नेहमीचेच, अजून अर्धी असेल. मधले दोन दिवस गाडी भावाकडे होती. किती फिरली ते मी विचारले नव्हते. काटा बरोबर असता तर विचारावेही लागले नसते. चढावर इंजिनाने दोन आचके दिले आणि गाडी बंद पडली. ते शून्य खरे होते. अंधारात, रस्त्याच्या कडेला, गुडघे दुखणाऱ्या आईला गाडीतून उतरवून मागच्या बाजूला सुरक्षित अंतरावर उभे केले. मदत मिळेपर्यंत पाऊण तास गेला. त्या पाऊण तासात आई एकदाही कुरकुरली नाही, त्याचेच मला जास्त वाईट वाटले.

आता आपल्या उत्तरांकडे येते.

पहिले उत्तर होते, अर्थिंग तपासा. सल्ला योग्य आहे, जुन्या गाड्यांत निम्मे घोळ अर्थिंगचेच असतात. युनिटचा करंट त्याच्या पत्र्यातून टाकीत आणि टाकीतून चासीत, म्हणजे गाडीच्या सांगाड्यात, जातो. मध्ये गंज, रंग किंवा नवे रबर आले की वाट अडते. मी युनिटच्या पत्र्यापासून चासीपर्यंत मोजले, ०.२ ओहम निघाले. तरीही खात्रीसाठी वेगळी वायर ओढून बॅटरीच्या अर्थच्या टोकाला जोडली. काट्यात काहीही फरक पडला नाही.

दुसरे उत्तर स्टॅबिलायझरचे. बॅटरी कधी १२ व्होल्ट देते, इंजिन चालू असताना १४ च्या आसपास जाते. मीटरने त्यामुळे चुकीचे दाखवू नये म्हणून माझ्या गाडीत त्याला सरासरी १० व्होल्ट देणारा स्टॅबिलायझर आहे. पण त्याच स्टॅबिलायझरवर पाण्याच्या तापमानाचे मीटरही चालते. स्टॅबिलायझर बिघडला असता तर दोन्ही काटे एकदम बहकले असते. तापमानाचा काटा या सगळ्या काळात जागचा हललेला नाही. हे मी फोनवर आपल्या प्रतिनिधींना सांगितले. ते म्हणाले, "मॅडम, मग पेट्रोल हिंदकळत असेल, जुन्या गाडीत एवढे चालायचेच."

या वाक्याचा मला मनस्वी राग आला, कारण ते चुकीचे आहे. या गाडीतले मीटर बायमेटलचे आहे. आत दोन धातूंची जोडपट्टी असते, तिच्यावर तापणारी तार गुंडाळलेली असते. करंट वाढला की पट्टी तापून वाकते आणि काट्याला ढकलते. याला वेळ लागतो, किल्ली फिरवल्यावर काटा सावकाश वर सरकतो तो याचमुळे. म्हणजे हे मीटर मुळातच हिंदकळणे गिळून टाकते. लाटेने फ्लोट क्षणभर वरखाली झाला तर काट्याला त्याचा पत्ताही लागत नाही. काटा शून्यापर्यंत जातो तेव्हा करंट बराच वेळ तुटलेला असतो.

तिसऱ्या उत्तरात मीटरच खराब असल्याचे सांगून आपण मला नवे मीटर विकू पाहिलेत. मी मीटर न घेता जुने युनिट माळ्यावरून काढले. त्याचा फ्लोट गेला आहे, रेझिस्टन्स शाबूत आहे. टाकीपासून दूर, मोकळ्या जागी, लांब वायरने ते गाडीच्या त्याच वायरला आणि अर्थला जोडले. दांडी हाताने थोडी थोडी उचलत गेले, प्रत्येक वेळी मिनिटभर थांबले. रिकामी, पाव, अर्धी, पाऊण, भरलेली. काटा एकेका खुणेवर जाऊन स्थिर उभा राहिला. मीटर, स्टॅबिलायझर आणि वायर या एकाच परीक्षेत निर्दोष ठरले.

मग आपले युनिट टाकीत ठेवून मोजदाद केली. माझी टाकी ४५ लिटरची. ती पूर्ण उपसून एका वेळी ५ लिटर पेट्रोल घालत गेले. ५, १० आणि १५ लिटरला काटा क्रमाने वर चढला. २० ला तो चाचरला, गाडी हाताने किंचित हलवली की वरखाली होई. २५ लिटरला शून्य. ३० ला पुन्हा अर्ध्याच्या पुढे, आणि तिथून भरेपर्यंत बिनचूक.

यानंतर युनिट बाहेर काढले आणि रेझिस्टन्स मोजणाऱ्या काट्याच्या मल्टीमीटरला जोडून दांडी केसाकेसाने फिरवली. खाली २३८, वर ३१. आपल्या चिठ्ठीतले आकडे खरे आहेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण १४५ च्या आसपास काटा एकदम अनंताकडे पळाला आणि दांडी बरीच वर गेल्यावर ९५ ला परत आला. मधल्या पट्ट्यात जोडणीच नाही.

आपण लेखी नकार दिल्यानंतरच मी बाजूचे पत्र्याचे झाकण उघडले. भिंगातून जे दिसले त्याचे फोटो सोबत आहेत. रेझिस्टन्सची तार ज्या पट्टीवर गुंडाळली आहे ती पट्टी मध्यभागी किंचित आत वाकलेली आहे. दांडीला जोडलेली संपर्काची जीभ वरच्या आणि खालच्या भागात तारेवर घासते, तिथे वेढ्यांवर चकचकीत रेघ उमटली आहे. मधल्या दहा-बारा वेढ्यांवर ती रेघच नाही. तिथली तार वार्निशसकट जशीच्या तशी आहे, जीभ तिला कधी टेकलेलीच नाही. म्हणजे हे युनिट वापरून खराब झालेले नाही. ते तसेच बनले, आपण दोन टोके मोजलीत आणि शिक्का मारलात.

दोन टोके मोजणे म्हणजे तपासणी नव्हे. गाडी बहुतेक वेळ अर्ध्या-पाव टाकीवर चालते आणि नेमका तोच भाग आपल्याकडे कुणी पाहिला नाही. दांडी एकदा खालून वर फिरवून मल्टीमीटरच्या काट्याकडे बघायला अर्धे मिनिटही लागत नाही.

म्हणून माझी मागणी अशी. मला बदली युनिट द्या, पण पाठवण्यापूर्वी त्याची दांडी पूर्ण फिरवून किमान पाच ठिकाणचे आकडे लिहून द्या. ते जमणार नसेल तर पूर्ण रक्कम, येण्या-जाण्याच्या पाठवणीच्या खर्चासह, परत करा. 'इलेक्ट्रिकचा माल एकदा बसवला की परत नाही' हे कारण मला मान्य नाही, कारण ग्राहकाला हा दोष बसवल्याशिवाय दिसतच नाही. याच खेपेतली उरलेली युनिटेही तपासा आणि ज्यांनी ती नेली आहेत त्यांना आपणहून कळवा. माझ्यासारखाच एखादा जण आज चांगले मीटर काढून फेकत असेल.

आणखी एक सुचवते, ही मागणी नाही. खोक्यावर गाडीच्या नावासोबत ओहमचे आकडेही छापा. काही गाड्यांत रिकाम्या टाकीला २४० आणि भरलेल्या टाकीला ३३ लागतात, काहींत उलट रिकामीला ० आणि भरलेलीला ९०, काहींत १० ते १८०. बाहेरून युनिटे सारखीच दिसतात. जुन्या गाड्यांची मीटरे मधल्या काळात बदललेली असतात, तिथे नुसत्या मॉडेलच्या नावावर विसंबून चालत नाही.

सध्या मी दर वेळी टाकी पूर्ण भरते आणि किलोमीटरचा आकडा डॅशबोर्डवरच्या वहीत लिहून त्यावर गाडी चालवते. वडिलांना अशी वही कधी ठेवावी लागली नाही.

युनिट, त्याचे खोके, आपली चिठ्ठी आणि पावती माझ्याकडे जपून ठेवली आहे, मागाल तेव्हा पाठवीन. फोटो आणि ५-५ लिटरच्या नोंदी या पत्रासोबत जोडल्या आहेत. १५ दिवसांत लेखी उत्तर मिळावे आणि ते देण्यापूर्वी आपल्या तंत्रज्ञाने ते फोटो स्वतः पाहावेत, ही विनंती.

कळावे,
आपली ग्राहक