संजयौ, उत्तिष्ठतम्

प्रिय संज्या,

दोन वर्षं झाली. तू फोन उचलत नाहीस आणि मीही चार ओळी लिहिल्या नाहीत. माझा गुडघा बरा आहे, साखर आटोक्यात आहे. ते असो.

या पावसाळ्यात होमरचं इलियड, ते ट्रॉयच्या युद्धाचं ग्रीक महाकाव्य, वाचायला घेतलं. त्यात एकाच नावाचे दोन वीर आहेत, आयास. इंग्रजीतून वाचणारे त्यांना एजॅक्स म्हणतात. एक सालामिसचा, तेलामोनचा मुलगा, धिप्पाड. सात बैलांच्या कातड्यांची त्याची ढाल बुरुजासारखी. दुसरा लोक्रिसचा, ठेंगणा आणि पळण्यात चपळ. म्हणजे थोरला आणि धाकटा. मला कोण आठवलं असेल, सांगायला नकोच. तेराव्या सर्गात दोघं खांद्याला खांदा लावून लढतात, तेव्हा होमर त्यांना नांगराला जुंपलेल्या बैलजोडीची उपमा देतो. आणि शर्यतीत धाकटा शेणात पाय घसरून तोंडावर पडतो! तू आता हसला असशील. नदीकाठची ती शर्यत मीच जिंकली होती, हे मात्र मी अजूनही सोडणार नाही.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. होमर दोघांना मिळून ‘आयान्ते’ म्हणतो. ते द्विवचन आहे, आपल्या संस्कृतच्या बाईंच्या ‘संजयौ, उत्तिष्ठतम्’सारखं, म्हणजे ‘दोघे संजय, उठा’. वाकरनागेल नावाच्या स्विस पंडितानं 1877 साली म्हटलं की मुळात हे द्विवचन दोन आयासांचं नव्हतंच. ते आयास आणि त्याचा भाऊ ट्युक्रोस यांचं होतं. पुरावा कुठला, तर संस्कृतातला. ‘पितरौ’ म्हणजे दोन बाप नव्हेत, आई आणि बाप! बाईंनी हे फळ्यावर लिहून दिलं होतं, आठवतं? एकाच्या नावात दुसरा सामावतो. पुढे ऐकणाऱ्यांनी त्या शब्दाचा अर्थ दोन आयास असा घेतला आणि बिचारा भाऊ त्यातून गळाला.

हे वाचलं आणि झोप उडाली. बाईंच्या पहिल्या स्मृतिदिनाला त्यांची मुलगी बोलली, “आईचे डोळे गेल्यावर संजय दर रविवारी येऊन तिला वाचून दाखवायचा.” आणि तिनं पाहिलं माझ्याकडे. ती इतकी वर्षं परदेशात, तिला कुठला संजय ते काय ठाऊक? मला ठाऊक होतं. मी हात जोडले, शाल घेतली, नारळ घेतला. तू मागे दाराशी उभा होतास, एसटीला उशीर झाला म्हणून नुकताच पोचलेला. मी तुला पाहिलं होतं रे. पाहिलं नाही असं त्या दिवशी म्हणालो, ते खोटं होतं.

ग्रीकांचा सर्वात मोठा वीर अकिलीस, त्याचं प्रेत रणातून उचलून आणलं थोरल्या आयासनं, आणि त्याची शस्त्रं मिळाली ओडिसिअसला. पुढे होमरच्याच ‘ओडिसी’त, मेलेल्यांच्या पाताळात, ओडिसिअस त्याला विनवतो, आता राग सोड, माझ्याशी बोल. आयास एक शब्द न बोलता पाठ फिरवून निघून जातो. ती पानं मी तीनदा वाचली. दर वेळी वाटलं, या खेपेला तो बोलेल.

गावानं मात्र आपला माणूस बरोबर ओळखला होता. इसवी सनपूर्व 480 मध्ये सालामिसच्या लढाईआधी ग्रीकांनी तिथल्याच आयासला, त्याच्या बापासकट, प्रार्थना करून मदतीला बोलावलं. आपल्या गावातही दर रविवारी बाईंच्या ओट्यावर कोण बसायचं, हे शेजारपाजारच्या सगळ्यांना माहीत आहे. त्यांनी तुला विचारलं नाही, मलाही नाही.

काल बाईंच्या मुलीला फोन करून सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती, मग तिनं तुझा पत्ता मागितला. दिला.

नातीचं बारसं झालं ना? नाव काय ठेवलंत? वहिनींना नमस्कार. दुकान मुलाकडे दिलंस म्हणे, बरं केलंस.

शाल पार्सलने पाठवली आहे, घडी मोडलेली नाही. नारळाच्या वड्या तेव्हाच संपल्या.

तुझा,
धाकटा