ठमीचा डावा डोळा

सातारा, शुक्रवार, रात्र

प्रिय दिग्या,

आठ महिने पत्र नाही, फोन नाही म्हणून शिव्या घालत असशील. घाल. मी बरा आहे, साखर आटोक्यात. मोतीबिंदू काढला, तुझा फोटो बघितला की तू म्हातारा झालायस हे आता स्वच्छ दिसतं. नंदाच्या कंबरेचं चालूच. संपलं तब्येतीचं.

आमच्या मांजरीबद्दल, ठमीबद्दल लिहायचंय. गेल्या आठवड्यात बुधवारी सकाळी डावा डोळा मिटूनच स्वयंपाकघरात आली. पाणी गळतंय, चिपडं, आणि आतल्या कोपऱ्यातून तो पांढरा पडदा निम्म्या डोळ्यावर आलेला. म्हटलं बोक्याशी जुंपली असेल. माझ्या ऑपरेशननंतरचे थेंब अर्धी बाटली उरले होते. नंदा म्हणाली, "अहो, माणसाचं औषध ते." मी म्हटलं, डोळा तो डोळा. दिवसातून चारदा घातले. आणि लेका, दुसऱ्या दिवशी लाली उतरली की! नंदाला मुद्दाम हाक मारून दाखवली. शुक्रवारी बुबुळावर धुरकट ठिपका, आणि डोळा उघडेचना.

जनावरांची डॉक्टरीण आपल्या गोट्याच्या मुलीएवढी. तिने डोळ्याला केशरी कागदाची पट्टी टेकवली, दिवे घालवले, निळा टॉर्च धरला. बुबुळावर हिरवंगार चमकलं, वाळक्या फांदीसारखं, फाटे फुटलेलं. असे फाटे म्हणजे हर्पिस नावाचा विषाणू, म्हणाली. मांजरांचा वेगळा, आपल्याला लागत नाही. पिल्लू असताना सर्दीबरोबर शिरतो, मग जन्मभर नसांत दडून बसतो, आणि जिवाला ताण झाला की डोकं वर काढतो. ताण कसला, तर आम्ही घराला रंग काढला होता! पंधरा दिवस ती माळ्यावर होती.

मग विचारलं, "घरी काही घातलंत?" मी बाटली पुढे केली. तिने लेबल वाचलं आणि काही बोलली नाही. काळे मास्तरांची छडी परवडली. त्यात स्टेरॉइड होतं. लाली उतरते ती शरीर लढायचं थांबतं म्हणून. खाली विषाणू मोकाट आणि जखम भरायची थांबते. बुबुळाची काच सगळी मिळून अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. त्यातली मी किती घालवली, देव जाणे.

तू आता काय म्हणणार ते मला ऐकू येतंय. शनिवारातली खोली, १९८३, बोरिक पावडर. तर ऐक, काणीचा डोळा मी घालवला. तू गुरांच्या दवाखान्यात नेऊ म्हणत होतास, आणि मी हसलो होतो, मांजराला रिक्षा? पुढे मात्र सगळ्यांना सांगत फिरलो की दिग्याने उशीर केला. सुमनवहिनींनाही तेच सांगितलंय. हे फोनवर बोलवलं नसतं. तू त्या जागी "हं" म्हणाला असतास, तुझं ते नेहमीचं.

आता घरात दवाखाना आहे. विषाणूची गोळी चिकनमध्ये दडवून. ठमीचंच रक्त काढून त्यातलं सीरम बाटलीत भरून दिलंय, ते फ्रिजमध्ये लिंबाच्या लोणच्याशेजारी. जखम विरघळू नये म्हणून दर दोन तासांनी एक थेंब. दोन औषधांत पाच मिनिटं ठेवायची. टॉवेलात गुंडाळून, मागून हात आणून घालायचं, समोरून बाटली दिसली की ती माझी सासू होते. दुखणं कमी व्हायला एक थेंब दिलाय, तो नाकातून जिभेवर उतरला की कडू लागतो म्हणे, पहिल्या रात्री तोंडाला एवढा फेस आला की मी नंदाला झोपेतून उठवलं, "गेली गं." गेली नव्हती. गळ्यातला प्लॅस्टिकचा नरसाळ्यासारखा पट्टा प्रत्येक दाराला आपटत फिरते. रात्री दोनला तो खडखडाट ऐकून मला बरं वाटतं.

परवा पुन्हा हिरवं घालून बघितलं. फांदी आखूड झालीय, तरी फूल पडेल म्हणाली. डोळा राहील की नाही, ते सोमवारी.

तुझ्या गुडघ्याचं काय झालं? नेहाचं जमलं हे बापूकडून कळलं, तुझ्याकडून नाही. त्याचं भांडण भेटीत. तारीख कळव, ठमीचं आवरलं की दोघं येतो.

घड्याळ वाजलं. थेंबाची वेळ. ही पलंगाखाली गेलीय आणि माझी कंबर नंदाच्या वळणावर चाललीय.

तुझा,
वश्या

ता. क. सुमनवहिनींना तू सांगू नकोस. मी आल्यावर सांगतो.