फोटोतले दोन हात

चि. सईस अनेक आशीर्वाद.

काल फोन आधी तू ठेवलास की मी, ते आता आठवत नाही. "आई, पुरे," एवढंच कानात राहिलंय. पत्र कौतुकाचं लिहायचं ठरवलंय, म्हणून आधी तेच. तू बनवलेल्या गिटार-अ‍ॅम्पचा फोटो मोठा करकरून पाहिला. १९५० च्या दशकातल्या फेंडर चॅम्पचा आराखडा, काचेचे तीनच व्हॉल्व्ह, जेमतेम ५ वॅट. पण वायरी काय देखण्या बसवल्यास! बाबांना हे कधी जमलं नाही. त्यांचं सोल्डरिंग म्हणजे ओघळलेली मेणबत्ती.

पण त्या फोटोत तुझे दोन्ही हात चेसिसच्या, त्या धातूच्या खोक्याच्या, आत आहेत.

हे लिहिणार नव्हते. प्लग काढला होता, म्हणालीस. अगं, आजोबांच्या रेडिओचाही काढलाच होता. वीज साठवणाऱ्या फिल्टर कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर साठून राहू शकतात, त्यांना प्लगचं काय! बाबा स्टुलावरून मागे फेकले गेले आणि पहिलं वाक्य काय, तर "सईला सांगू नकोस." दोन दिवस शर्टाची बटणं मी लावत होते. तेव्हापासून त्यांचा एक हात कायम खिशात, करंट छातीतून आरपार जाऊ नये म्हणून.

साठलेली वीज उतरवणारा ब्लीडर रेझिस्टर लावलास ना? २२० किलोओहम, २ वॅटचा चालेल. पण त्याचाही सांधा सुटू शकतो, म्हणून दर वेळी मीटर लाव. काळी क्लिप चेसिसला, लाल टोक पहिल्या कपॅसिटरच्या प्लसला, आणि आकडा शून्यापाशी येईपर्यंत थांब.

झाले सुरू. माफ कर. इंजिनियर तू आहेस, मी नुसती टॉर्च धरायचे. पण टॉर्च माझ्याच हातात होता, म्हणून ते कसे पडले ते मी पाहिलंय.

व्हॉल्व्ह तापेपर्यंत तो रेडिओ गप्प असायचा. तू जाळीला कान लावून विचारायचीस, "आतला माणूस उठला का?" आता तूच तो माणूस बनवायला बसलीस. शेजारच्या काकूंना फोटो दाखवला. त्यांना काही कळलं नाही, तरी दोनदा दाखवला.

स्पीकर जोडल्याशिवाय चालू करू नकोस, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळेल, हा बाबांचा निरोप. पहिल्यांदा मेनच्या वायरीत सीरिजमध्ये बल्ब लावून बघ, हाही त्यांचाच. स्वतः फोन करणार नाहीत, तुला माहीतच आहे.

अ‍ॅम्प वाजला की फोन त्याच्यासमोर धर. बोलली नाहीस तरी चालेल.

तुझी,
आई

ता. क. मीटरमधला सेल नवा आहे ना?