लातूरला समुद्र नाही : मॅक्रोबायोटिक आहाराच्या संचाबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

विषय : नवशिक्यांसाठीच्या मॅक्रोबायोटिक संचाचे 3,850 रुपये परत मिळण्याबाबत

महोदय,

नोव्हेंबरात मी तुमच्याकडून हा संच मागवला : मराठी पुस्तक, बारा व्हिडिओ आणि किराण्याचा एक डबा. पैसे आगाऊ भरले. पावती सोबत जोडली आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. पुस्तक हातात आलं की आधी भाषा तपासते, ही जुनी खोड. तुमच्या पुस्तकात ‘मिठाला चिमटा काढा’ असं छापलंय. चिमूटभर मीठ घाला, असं म्हणायचं होतं. ‘तांदळाला दबावाखाली आणा’ म्हणजे कुकर लावा. चार पानं ज्या डायकॉनचं कौतुक आहे, तो म्हणजे पांढरा मुळा. एवढंच असतं तर हसून सोडून दिलं असतं.

या आहाराचा पाया जपानच्या जॉर्ज ओसावांनी घातला, मिचिओ कुशींनी पुढे तो अमेरिकेत रुजवला, असं पहिल्या प्रकरणात आहे. ताटात निम्मं किंवा थोडं जास्त अख्खं धान्य, पाव हिस्सा भाज्या, थोडी कडधान्यं, थोडं सूप. आणि सगळं शक्यतो आपल्याच परिसरातलं, त्या त्या ऋतूतलं. वाचून बरं वाटलं. ज्वारीची भाकरी, हुलग्याचं माडगं, तांदुळजा, कारळाची चटणी, म्हणजे अर्धं काम घरात झालेलंच होतं! मग डबा उघडला. जपानी मिसो, उमेबोशी म्हणजे मिठात मुरवलेली आंबट जपानी फळं, वाळवलेला मुळा आणि कोंबू नावाचं समुद्री शेवाळ. 2016 साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे समुद्रातलं शेवाळ परिसरातलं कसं? मिसो तर सोयाबीन आंबवून करतात, आणि आमच्या मोंढ्यात सोयाबीनचे ढीग लागतात. ज्वारीचं नाव मात्र अख्ख्या पुस्तकात एकदाही नाही. येळवशीच्या, म्हणजे वेळा अमावास्येच्या, आंबिलीत ताक असतं. दूध बंद म्हणता, मग तिचं काय करायचं? वांगी, टोमॅटो, बटाटा, मिरची टाळा, हे एका ओळीत उरकलंय. मराठवाड्यात मिरची सोडायला सांगता, तर त्या जागी काय घालायचं याला निदान अर्धं पान द्यायचं होतं.

आता हसण्यावारी न नेण्यासारखं. सातव्या व्हिडिओत दहा दिवस नुसता ब्राऊन राईस खायला सांगितलाय. ओसावांची ही ‘सात नंबर’ची पायरी काटेकोर पाळताना 1960च्या दशकात अमेरिकेत माणसं दगावली आणि त्यावर मोठी टीका झाली. व्हिडिओत त्याबद्दल अवाक्षर नाही. माझे यजमान मधुमेहासाठी मेटफॉर्मिनच्या गोळ्या घेतात, बीपीही आहे. तिसऱ्या आठवड्यात त्यांना चक्कर यायला लागली. डॉक्टरांनी बी-12 जीवनसत्त्व तपासलं, तर कमी. ते तीन आठवड्यांत उतरत नाही, आधीपासूनच कमी असणार, हे मलाही कळतं. पण मेटफॉर्मिनने बी-12 घटू शकतं, आणि शाकाहारी माणसाचं दूध-दही बंद केलं की उरलेली वाटही बुजते, हे डॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगितलं. तुमच्या दोनशे पानांत ते नाही. मिसो, उमेबोशी, तामारी हा सोया सॉस, सगळंच खारट. बीपीवाल्यांनी जपून, एवढंही नाही. आणि डब्यावर काय, तर ‘मधुमेह मुळापासून बरा’. अशा जाहिरातीला 1954च्या औषधी व जादूटोणा उपचार कायद्याने बंदी आहे.

फोन केला, तर तुमच्याकडची फोनवरची मुलगी म्हणाली, “मॅडम, कोर्स उघडला की रिफंड नाही.” उघडल्याशिवाय आत काय आहे ते कळणार कसं? त्यानंतरच्या दोन ईमेलना उत्तर नाही. ई-कॉमर्सच्या 2020च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एक महिन्यात व्हायला हवं.

माझं म्हणणं असं : पैसे परत करा, डब्यावरचा दावा काढा आणि सातव्या व्हिडिओच्या सुरुवातीला इशारा द्या. महिनाभरात काही झालं नाही, तर लातूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ग्राहक राहतो तिथेच तक्रार करता येते.

संच परत पाठवायला तयार आहे. मिसोची बरणी उघडलेली आहे. वाळवलेला मुळा तेवढा वरणात घालून संपवला, त्याचे पैसे कापून घेतले तरी चालतील.

आपली,
एक ग्राहक, लातूर